बाकावर सगळे गप्प

सान पेद्रोच्या मैदानावर बेसबॉलची एक रीत आहे. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, समोरच्यांना एकही फटका मारू दिला नसेल, तर बाकावर त्याच्याशी कुणी बोलत नाही. बोललं की दृष्ट लागते.

आज संघातून एक पिचर कटणार, ही कुजबुज सकाळपासून होतीच. सगळ्यांत जुना पिचर एलिजिओ बाकावर येताच त्याचे चेंडू झेलणारा कॅचर वास्कार सरकून बसला. एरवी हाच डिवचायचा, "म्हातारड्या, चेंडू टाकतोस की भीक घालतोस?"

"मूग गिळलेस का रे?" एलिजिओने विचारलं.

"काही नाही, दादा. पाणी देऊ?"

दादा? एलिजिओने धावफलकाकडे पाहिलं.



दृष्टीच्या भीतीने सगळे गप्प आहेत म्हणावं, तर आज त्याचा पहिलाच चेंडू समोरच्याने मैदानाबाहेर भिरकावला होता.