वरच्या मजल्यावरचा ब्राउझर

माझ्या गाठीचा रिपोर्ट दवाखान्याच्या साइटवर आला होता, पण त्या साइटचं नव्या ब्राउझरांशी वाकडं; ती एका जुन्याच ब्राउझरमध्ये उघडायची. तो वरच्या मजल्यावर, थोरल्या जावेच्या कॉम्प्युटरवर होता. आमचा अबोला घराच्या वाटणीपासूनचा. तरी जिना चढले. “वहिनी, गाठीचा रिपोर्ट बघायचाय.” तिनं काही न विचारता खुर्ची ओढून दिली. कॉम्प्युटर लावत म्हणाली, “सासूबाईंसारखा आहे हा. आधी कुरकुरतो, मग ऐकतो.” पासवर्ड मी सांगितला, तिनं टाकला. रिपोर्ट उघडला, पण माझी वर बघायची छाती होईना. तिनं ओळीवर बोट ठेवून वाचलं, “साधी गाठ आहे. कॅन्सर नाही.” मग तेच पुन्हा वाचलं, स्वतःसाठी. “पुढची तपासणी कधी?” तिनं विचारलं. “सहा महिन्यांनी,” मी म्हटलं. तिनं फोन उचलला. “भंगारवाले दादा, उद्या येऊ नका. कॉम्प्युटर द्यायचा नाही.”