दाराजवळची जागा

"आज तू इकडे बस," बुरुल आपा म्हणाली आणि दाराजवळची गादी तिनं हातानं झटकली.

लिगाया उभीच राहिली. आपाच्या घरी ती आठ महिने भाड्यानं राहत होती आणि जेवायला बसायची तिची जागा ठरलेली होती. दारापासून सगळ्यात लांब, भिंतीला टेकून, खाली तीन गाद्या. किर्गिझ मुलखातल्या या नारीनमध्ये कुठल्याही घरात मानाचा माणूस तिथे बसतो. दाराजवळ, सामोवाराच्या म्हणजे चहाचं पाणी उकळायच्या बंबाच्या शेजारी, बसतात ती घरातली लहानसहान माणसं, ज्यांना कुणी काही विचारत नाही. आज वरच्या जागेवर मुख्याध्यापक एसेनबाय मांडी ठोकून बसले होते आणि लिगायाच्या हातात चहाची किटली आली होती.

म्हणजे यांना कळलंय, तिच्या मनात आलं. मी जाणार हे कळलं, म्हणून मान काढून घेतला. तिला रागसुद्धा आला नाही, इतकी ती थकलेली होती.

वय एक्कावन्न. फिलिपिन्समधलं गाव सोडून परमुलखात इंग्रजी शिकवायला लागल्याला चौदा वर्षं झाली होती आणि हे चौथं गाव होतं. दर गावी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दिव्याचं बटण कुठल्या भिंतीवर, पाव कुठल्या दुकानात, पाणी कधी जातं, कुठल्या कुत्र्याला भ्यायचं. हे सगळं अंगवळणी पडतंय न पडतंय तोच करार संपायचा. इथली थंडी तर हाडांत घर करून बसली होती आणि एप्रिल आला तरी हलायचं नाव घेत नव्हती. पोरं चांगली होती, माणसंही चांगली, आणि त्या चांगुलपणाचंच तिला ओझं झालं होतं. जाईल तिथे मटणाचा सगळ्यात चांगला तुकडा तिच्या ताटात. उठून भांडं विसळायला जावं, तर चार बायका धावत येऊन ते हातातून काढून घ्यायच्या. आठ महिन्यांत तिनं कुणाच्या घरी साधा चमचा धुतला नव्हता. पाहुणचारानं माणूस इतकं एकटं पडतं, हे तिला आधीच्या तीन गावांत कळलं नव्हतं.

एसेनबाय दुपारच्या सुट्टीत उत्तर घ्यायला आले होते. करार आणखी दोन वर्षं वाढवायचा की नाही. जेवण झालं की त्यांच्याबरोबरच तिलाही परत शाळेत जायचं होतं, दोन तास घ्यायचे होते. त्याआधी सांगून मोकळं व्हावं म्हणून तिनं किर्गिझमध्ये वाक्य घोकून ठेवलं होतं : सर, उन्हाळ्यानंतर मी येणार नाही.

"अगं, ओत ना! सामोवार काय नुसता बघायला मांडलाय?" आपा म्हणाली.

लिगायानं ओतला. आधी दूध, मग चहाचा अर्क, मग उकळतं पाणी. इथली माणसं चहाच्या बाबतीत हात आखडता घेतात, हे तिला पहिल्या दिवसापासून खटकत आलं होतं. पियाला द्यायचा तो अर्धाच. दोन घोटांत संपणार, की पुन्हा पुढे करा. जाता जाता निदान चहा तरी मोकळ्या हातानं द्यावा, म्हणून तिनं पियाला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी एसेनबायांपुढे धरला.

एसेनबायांनी पियाल्याकडे पाहिलं. मग आपाकडे पाहिलं. तोंडाशी नेलेला पावाचा तुकडा त्यांनी परत खाली ठेवला. चहा फुंकून फुंकून घाईघाईनं घशाखाली उतरवला, तेवढ्यात जीभ भाजून घेतली, तळवे चेहऱ्यावरून फिरवून जेवण संपल्याचं "ओमीन" म्हणाले आणि उठले. कराराचा शब्दही न काढता ते बाहेर जाऊन बूट शोधायला लागले.

"काय झालं यांना?" लिगाया गोंधळली.

आपा पोट धरधरून हसत होती. "पळाला! अगं पोरी, काठोकाठ पियाला म्हणजे एवढं प्या आणि चालते व्हा. ज्याला बसवून घ्यायचं त्याला थोडा थोडा द्यायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. तुला कधी भरून दिलाय का मी?" मग दाराकडे तोंड करून तिनं आवाज दिला, "एसेनबाय, रागावू नकोस रे! सून नवी आहे, शिकेल!"

सून. लिगायाचा हात किटलीवरच राहिला. याच जागी बसून चहा ओतणारी आपाची सून मुलाबरोबर मॉस्कोला कामाला गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून सत्तरी ओलांडलेली आपा स्वतःच गुडघे धरत सामोवारापाशी बसायची. शेजारणींनी किती वेळा म्हटलं, आम्ही ओततो. तिनं एकीलाही किटलीला हात लावू दिला नव्हता. लिगायाला एकदम रडू आलं, आणि या वयात रडू आलं म्हणून लाजही वाटली.

एक बूट चढवलेले एसेनबाय दारातून डोकावले. "आपा, थट्टा पुरे झाली. मला वर कळवायचंय. मॅडम, राहणार की जाणार? जाणार असाल तर तारीख काय लिहू?"

लिगायानं तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं.

"हे काय विचारणं झालं?" आपा मध्येच कडाडली. "कधी जाणार हे पाहुण्यांना विचारतात. घरच्या बाईला विचारायचं, परत किती वाजता येणार." आणि तिनं खरंच लिगायाकडे वळून विचारलं, "किती वाजता येशील गं? कणीक मळायचीय, माझी बोटं आता दुखतात."

एसेनबाय दारात तसेच उभे होते, एका पायात बूट घालून.

"साडेपाचला," लिगाया म्हणाली.