कवळीतला खळगा

"हा खळगा कुणी पाडला?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खालची कवळी उलटी धरून विचारलं.

"मीच. कानशीनं." बॅण्डमास्तरांच्या बोळक्या तोंडातून शब्द फुसफुसत आले. "तिथं कवळी टेकली की ओठात वीज चमकते."

खळगा उजवीकडे होता, मसुराएवढा. ट्रे मांडून तयार होता. समोर एक्स-रेवर आखलेलं काम: हाडात सहा स्क्रू, त्यांवर पक्के दात, हिरडीच्या माथ्यावरून सरळ छेद. बाईंनी खळग्याखालची हिरडी बोटानं हलकेच दाबली. मास्तरांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. छेद नेमका तिथूनच जाणार होता.

बाईंनी हातमोजे उतरवले. आज काही नाही, आधी नवा स्कॅन, म्हणाल्या. मास्तरांच्या बायकोनं पर्स उचलली. म्हणजे यांची दाढी फुकट गेली, एवढंच बोलली.

स्कॅननं खरं काय ते सांगितलं. वीस वर्षं दातांविना जबडा झिजला होता, आणि ओठाची नस हाडातून जिथं बाहेर पडते ते भोक बाजूवरून थेट जबड्याच्या माथ्यावर आलं होतं. सपाट एक्स-रेत ते कळलंच नव्हतं. नस कापली गेली तर खालचा ओठ कायमचा बधिर, बाईंनी स्पष्ट सांगितलं. मास्तरांचं क्लॅरिनेट त्याच ओठावर टेकायचं. कवळी हलते, सूर फाटतो, म्हणून तर ते दात मागायला आले होते.

"ओठ जाणार असेल तर दात राहू द्या," ते म्हणाले.

बाईंनी सगळं नव्यानं आखलं. चारच स्क्रू, चारही पुढे, दोन्हीकडच्या नसांच्या मध्ये. छेद जिभेच्या अंगानं. पंधरा दिवसांनी काम झालं.

इंजेक्शनचा बधिरपणा उतरेपर्यंत नसेचं काही कळणार नव्हतं. बाईंनी त्यांना दवाखान्यातच बसवून ठेवलं. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच तीन तास गप्प आहेत, बायकोनं बाईंना सांगितलं.

चौथ्या तासाला मास्तरांनी खिशातून डबी काढली, डबीतून क्लॅरिनेटची वेताची पत्ती. ओठाच्या उजव्या भागावरून ती हळूच फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली.

"खरखर लागतंय, डॉक्टर."

बाई खुर्ची ओढून जवळ आल्या. "ओठाला?"

"ओठ ठीक आहे. पत्तीची कड चिरलीय."

बाईंनी पत्ती दिव्याखाली धरली. काहीच दिसेना. मग त्यांनी भिंगाचा चष्मा चढवला. कडेला केसाएवढी चीर होती.