चाल तीच

गादीवाल्यानं आ केला तो दाढ दाखवायला नव्हे, बोलायला.

"ताई, तुम्ही मास्तरांच्या लेक, म्हणजे आमच्या बहीणच," खुर्चीत आडवा होता होता तो म्हणाला. गळ्यातला फुटबॉल क्लबचा मफलर त्यानं काढला नव्हता. दाढेपायी त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता हे खरं, पण वाटेतले सगळे दवाखाने सोडून तो इथवर आला त्याचं कारण दुसरंच होतं. रविवारी सामन्याआधी मैदानावर क्लबच्या जुन्या प्रशिक्षकांची, मास्तरांची शोकसभा होती. चाहत्यांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून तो मास्तरांच्या बायकोला आणि मुलीला बोलवायला आला होता.

आईला विचारून सांगते, असं म्हणून डॉक्टरनं त्याच्या तोंडावर दिवा ओढला. खालची शेवटची दाढ मुळापर्यंत किडली होती. काढण्यावाचून इलाज नव्हता.

ती इंजेक्शन भरेपर्यंत गादीवाल्याची टकळी चालूच होती. मास्तर आले तेव्हा क्लब कसा तळाला गेला होता, पोरांच्या बुटांना तळवे नव्हते. त्याच पोरांकडून मास्तरांनी कप आणवला. त्या रात्री गावानं मास्तरांना खांद्यावर घेतलं तेव्हा डावा पाय याच्या हातात होता. बूट निसटला तो यानं परत दिलाच नाही, दुकानात काचेच्या कपाटात ठेवलाय. मग आवाज खाली आणून त्यानं मॅनेजमेंटला चार शिव्या हासडल्या. त्यांनीच खाल्लं आमच्या मास्तरांना, म्हणाला.

तिला ऐकायला बरं वाटत होतं. बाबा गेल्यापासून माणसं येत होती, असंच बोलत होती. आई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हती. मेल्या म्हशीला मणभर दूध, एवढंच म्हणाली होती.

"आणि रविवारी सगळं स्टँड एका आवाजात म्हणणार," गादीवाला सांगत होता. "मीच बसवलंय. ऐका." खुर्चीच्या हातावर त्यानं दोन थापा मारल्या. "मास्तर, मास्तर, परत या!"

तिचा हात जागच्या जागी थांबला.

चाल तीच होती. आधी दोन ठोके, मग तो खरखरीत आवाज, आणि शेवटचं अक्षर ताणायची ती लकब. शब्द तेवढे बदलले होते. संघ हरत गेला त्या वर्षी रोज संध्याकाळी त्यांच्या फाटकाबाहेर गर्दी जमायची आणि गर्दीतून हाच आवाज सुरुवात करून द्यायचा. मास्तर, मास्तर, घरी जा! पहिल्या दिवशी बाबा हसले होते. "मी घरीच आहे की," म्हणाले होते, "आता आणखी कुठं जाऊ?" दुसऱ्या दिवशी ते हसले नाहीत. पुढं आईनं बाहेरच्या खोलीचे पडदे ओढले ते ओढलेच. क्लबनं बाबांना काढलं, गर्दी पांगली, पण बाबा मागच्या खोलीत शिरले होते ते काही बाहेर पडले नाहीत. कोपऱ्यावर पाव आणायलासुद्धा नाहीत. त्या आवाजाला तिनं इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण त्याला तोंड नव्हतं. आज ते तिच्या दिव्याखाली उघडं पडलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं इंजेक्शन दिलं. ओठ जड झाला की सांगा, म्हणाली. तेवढंही न थांबता पक्कड घालता आली असती. भूल नीट चढली नव्हती की काय, कोण विचारणार होतं? ती वळली आणि नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिली. परत आली तेव्हा त्याचा अर्धा ओठ लोंबत होता. त्यानं मान हलवली. मगच तिनं पक्कड आत घातली.

"आमच्या फाटकाबाहेर तुम्ही होतात," ती म्हणाली.

गादीवाल्याचे डोळे विस्फारले. त्यानं उठायचा प्रयत्न केला, पण तिच्या डाव्या हातानं त्याचा जबडा पक्का धरला होता. आवाज न चढवता, दाढ एकेका बाजूला हलवत ती सगळं सांगत गेली. बाबांचं हसणं, मग न हसणं. पडदे. सामन्याच्या दिवशी बंद ठेवलेला टीव्ही.

"बाबांना काढायच्या कागदावर मॅनेजमेंटनं सही केली," शेवटी ती म्हणाली, "पण मॅनेजमेंट आमच्या दारात ओरडायला कधी आलं नव्हतं."

दाढ मुळासकट निघाली. ती तिनं ताटलीत टाकली आणि जखमेवर कापूस दाबला.

"रविवारी मी येईन. पण आधी जुने शब्द म्हणायचे. सगळ्या मैदानासमोर, याच आवाजात. मग नवे."

गादीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दाढ दुखली म्हणावं, तर अर्धा जबडा बधिर होता. मफलर मुठीत घट्ट धरून तो कसाबसा उठून बसला.

"मा…" तो म्हणाला. "मा…"

कापूस जिभेवर सरकला, हनुवटीवरून लाळ आणि रक्त ओघळलं. त्याला माफ करा म्हणायचं होतं की मास्तर, कोण जाणे.

मग तिनं कापूस बोटानं पुन्हा जागेवर बसवला.

"तोंड मिटा," ती म्हणाली. "रक्त थांबेपर्यंत उघडायचं नाही."