आमचं नेहमीचं हॉटेल

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं दरवर्षी एकाच हॉटेलात दोन दिवस राहायचो. ती गेल्यानंतर यंदा मी एकटाच गेलो आणि नेहमीची खोली मागून घेतली. चादरीवर डाग, बेसिनला पिवळा थर, नळ गळतोय. वर टॉवेलचे पैसे वेगळे आणि गरम पाण्याचे वेगळे. माझं डोकंच फिरलं. खाली जाऊन मॅनेजरला चार लोकांदेखत झाडला.

"वाटोळं केलंत हॉटेलचं! बावीस वर्षं येतोय. खोली कशी आरशासारखी असायची. आणि हे असले जादा पैसे कधी कुणी मागितले नव्हते."

तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. खोल्या साफ करणाऱ्या मावशी मात्र हातातली बादली ठेवून पुढे आल्या.

"त्याला कशाला बोलता, काका? हे पहिल्यापासून असंच आहे. तुम्ही इथे चहा घेत पेपर वाचत बसायचात, तेवढ्यात काकू माझ्याकडून ब्रश आणि फडकं मागून घ्यायच्या. वरचे पैसेही गुपचूप भरायच्या. चादरी तर तुमच्या घरच्याच असायच्या, ओळखल्या नाहीत कधी? मला म्हणायच्या, ह्यांना सांगू नकोस गं, एवढ्या हौसेनं आणतात."



बावीस वर्षं मी चारचौघांत छाती फुगवून सांगत आलो होतो, की वर्षातले ते दोन दिवस मी बायकोला कामाला हात लावू देत नाही.