राहिलेला टोन

कुकरची शिट्टी झाली तशी एंजेला दचकून वायरलेस सेटकडे धावली. सेट गप्पच होता. नवरा एकटाच हरिश्चंद्रगडावर गेलेला. तिथं मोबाईलला रेंज नाही, म्हणून दुपारी डोंगरावरच्या रिपीटरवरून, म्हणजे आवाज पुढं पोचवणाऱ्या यंत्रावरून, बोलायचं ठरलं होतं. दोघांच्या सेटची सेटिंग तिनंच लॅपटॉपवरून भरलेली, लेकीला भरवता भरवता. "अगं, गडावर चाललोय, चंद्रावर न्हाई," निघताना हसला होता. आता उन्हं कलली. तिनं लॅपटॉपवर त्याच्या सेटची फाईल उघडली. त्यात रिपीटरचा टोन, त्याला जागं करणारा बारीक सूर, टाकायचाच राहिला होता. टोनशिवाय रिपीटर आवाज पुढं पाठवत नाही; तिच्या सेटमध्ये तो होता, म्हणून तिचं त्याला ऐकू येणार, त्याचं तिला नाही. तिनं सेटचं बटण दाबलं. "अहो, माझ्याकडून टोन राहिलाय. मेनूत जा..." दोनदा सांगून तिनं बटण सोडलं. नुसती खरखर. लेकीनं विचारलं, "मम्मी, पप्पा बोलतच नाहीत, की आपल्याला ऐकू येत नाही?"