पाण्यातलं औषध

"काका, खरं सांगा. कोंबड्यांना पाण्यातून काय काय देता?" डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

दोनदा त्याने "काही नाही हो" म्हणून वेळ मारून नेली होती. आता मान वर करवेना. काचेपलीकडे अक्का पडली होती. शेडमधला पत्रा तळहाताला लागला, एवढंसं निमित्त. चार दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. दोनदा इंजेक्शनं बदलली, तरी ताप हटेना.

आत जायला मनाई होती. सकाळी झगा आणि हातमोजे चढवून त्याला दोन मिनिटं सोडलं, तेव्हा डोळे न उघडताच ती पुटपुटली, "धाकट्या, पाखरांना पाणी दिलंस का?"

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला या मोठ्या बहिणीनेच वाढवलं. पुढे तिचा नवरा वारला, ती माहेरी परतली आणि घरात दोघंच उरली. शेडमध्ये चार हजार पक्ष्यांचा कलकलाट, आणि घरात बोलायला एकटी अक्का. तीही जेवताना चार शब्द बोलायची, पण तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. काल घरी गेल्यावर त्याने सवयीने दोन ताटं काढली. एक परत ठेवताना इतकं वाजलं की तो दचकला.

भेटीची वेळ होती. बाकी बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

"शेडमधल्या जंतूंना रोज थोडं थोडं औषध मिळालं की ते त्याला सरावतात," समोर स्टुलावर बसलेल्या बाई म्हणाल्या. "तेच जखमेतून आत गेले असावेत. कुठलं औषध चालेल, ते सांगणारा रिपोर्ट परवा येईल. पण तोवर थांबता येणार नाही."

एकही पाखरू आजारी नसताना तो रोज टाकीत पूड कालवायचा. दुकानदार म्हणायचा, आधीच दिलेलं बरं. पक्षी मरत नव्हते, वजनं भरत होती. "रोज रोज कशाला रे?" असं अक्काने एकदा विचारलं होतं. त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

तो बोलू लागला. अडखळत एकेक नाव घेत गेला. अक्काला देता येतील अशा औषधांची यादी बाईंच्या हातात होती, त्यातलं एकेक त्या खोडत गेल्या. खाली एकच नाव उरलं.

"हे आहे अजून," त्यांनी सुस्कारा सोडला. "अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतो आम्ही. लगेच सुरू करते."

त्याच्याही छातीवरचं ओझं उतरलं. मग त्याने ते नाव पुन्हा वाचलं. गेल्या महिन्यात दुकानदाराने नवीन पाकीट दिलं होतं. "जुन्याने आता पहिल्यासारखी वजनं भरत नाहीत ना? मग हे घाल." त्यावर हेच नाव होतं. आख्खा महिना.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? निदान परवापर्यंत त्याला आशेवर राहता आलं असतं. काचेपलीकडे अक्काचा धड हात चादरीवर काहीतरी चाचपडत होता.

बाई उठल्या. दारापर्यंत पोचल्या.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तेही खोडा."